न हसणारा आरसा

होय, मीच बोलतोय, भिंतीवरचा आरसा. इतकी वर्षं सगळ्यांचं ऐकून घेतलं, आता माझी पाळी.

रायपूरच्या गुढियारीत, धान्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पूर्णिमाताईंचा इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास आहे. मी तिथला. चौकटीचा रंग गेलाय, खालच्या कोपऱ्याचा टवका उडालाय, म्हणून नाक मुरडू नका. या भागातल्या कितीतरी पोरापोरींनी आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य माझ्या तोंडावर म्हटलंय. बढाई वाटली तर वाटू द्या. खरं ते खरं.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. काचेच्या पाठीवर मुलामा चढला आणि मला दिसू लागलं, एवढंच ठाऊक. पहिली नोकरी गंगाधरच्या सलूनमध्ये, मालधक्क्याच्या रस्त्यावर. हमाल, ट्रकवाले, दुकानदार, सगळे माझ्यासमोर माना वाकवून बसत. माणसाची एक गंमत मला तिथेच कळली. तो आरशात मिशी बघतो, दात बघतो, नाकातला केससुद्धा बघतो. पण स्वतःच्या डोळ्यांत बघायची वेळ आली की लाजतो.

पुढे गंगाधरने दिवे लावलेले मोठे आरसे आणले आणि मला मागच्या खोलीत टॉवेलांच्या ढिगाआड उभं केलं. तो काळ वाईट गेला. ज्याचं काम बघायचं, त्याला नुसते टॉवेल बघायला लावायचे!

पूर्णिमाताई लेकाचे केस कापायला तिथे यायच्या. एकदा टॉवेल हलले आणि त्यांना मी दिसलो. "गंगाधर भैया, हा पडूनच आहे तर मला द्या," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरांना हवाय."

ताईंचं घराणं मराठ्यांच्या अमलापासून रायपुरात रुजलेलं. त्यांच्याकडे येणारी पोरं घरात मराठी, गल्लीत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी फाडफाड बोलणारी. पण इंग्रजीचं नाव काढलं की दातखीळ बसायची. ताई कॉलेजात असताना त्यांच्या एका वाक्यावर अख्खा वर्ग हसला होता. ते हसू त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी नियमच केला: पहिले काही आठवडे माणसांशी बोलायचं नाही, आरशाशी बोलायचं. "आरसा हसत नाही," त्या सांगायच्या.

हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आणि का चढू नये? कुणाचे ओठ कसे वळतात, कोण वाक्याच्या शेवटी खाली बघतो, सगळं मी त्याचं त्याला दाखवायचो. जो तो आपली ओळख इंग्रजीत घोकायचा. माझं नाव अमुक, मी अमक्या गावचा, माझे वडील अमुक काम करतात, माझा छंद अमुक. मी समोर, म्हणजे काम फत्ते, असं मला वाटायचं.

मग क्षमा आली. बीरगावची, नुकतीच नर्सिंग झालेली. तिचे वडील बाबाराव उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला, मूळचे वर्धेकडचे. पाळी संपली की ते लेकीला न्यायला यायचे आणि दाराजवळच्या बाकावर लोखंडाच्या धुळीसकट बसून राहायचे. क्षमाने माझ्यासमोर तिची ओळख इतकी घोटली की मीही ती झोपेत म्हणावी. एकही अडखळ नाही. माझी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी!

आणि तिथेच माशी शिंकली. एका मोठ्या इस्पितळात तिची मुलाखत होती. ती रडवेली होऊन क्लासला परतली.

"दीदी, त्यांनी बीच में ही पूछ लिया," ती ताईंना सांगू लागली. "मी दुसऱ्याच वाक्यावर होते, तर विचारलं, कोणत्या वॉर्डात काम केलं? माझं सगळंच गेलं. मी पुन्हा माय नेम इज क्षमा पासून सुरू केलं. त्यांनी पुन्हा काही विचारलं, मी पुन्हा तेच. मग ते हसले, म्हणाले, जा."

म्हणजे दर वेळी पहिले पाढे पंचावन्न. पण इस्पितळाच्या मोठ्या नर्सबाईंना तिची दया आली होती. सोमवारी पुन्हा ये, म्हणाल्या होत्या, शेवटचं. तेही हुकलं तर मिलच्या ऑफिसात फोन उचलायची नोकरी तिच्यासाठी तयारच होती.

"पोट्टी नर्स झाली, अन् कामाले मिलमधी?" बाबाराव बाकावरून म्हणाले. "काहून? म्या तिले याच्यासाठी शिकवलं का?"

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चूक माझीच. आरसा हसत नाही खरं, पण तो काही विचारतही नाही."

मला हे लागलं. खोटं कशाला सांगू, फार लागलं.

"क्षमा, आरशाकडे पाठ कर," ताई म्हणाल्या. "बाबांकडे बघून बोल. आणि काका, तुम्ही तिला मधेमधे विचारा. पुढे जाऊच देऊ नका."

"मले कुठं येते इंग्रजी?"

"मराठीत विचारा. उत्तर ती इंग्रजीत देईल."

बाबारावांना एवढंच हवं होतं. क्षमाने नाव सांगितलं की त्यांनी विचारलं, डब्यात काय नेलं होतं? ती बिचकली, पुन्हा नावापासून सुरू झाली. त्यांनी पुन्हा अडवलं. "पापा, बीच में मत बोलो ना!" ती चिडली. ते थांबले नाहीत. शेवटी ते पुढे वाकले.

"एक म्हातारा पेशंट आहे. रडून राहिला. त्याची भाषा तुले समजत नाही, तुझी त्याले नाही. काय करशील तू?"

मला तिची फक्त वेणी दिसत होती, आणि तिच्या खांद्यावरून बाबारावांचा काळवंडलेला चेहरा.

"आय विल सिट," ती हळूच म्हणाली. "नियर हिम. आय विल होल्ड हिज हँड."

हे वाक्य तिने माझ्यासमोर कधीच घोकलं नव्हतं. तिचं स्वतःचं होतं. बाबारावांना अर्थ कळला नाही, पण त्यांचे डोळे भरून आले. "बोलली," ते ताईंना म्हणाले. "पोट्टी बोलली ना!"

सोमवारी तिला मधेमधे खूप विचारलं. अडखळली, चुकली, पण नावापाशी परत गेली नाही. आता ती त्याच इस्पितळात मुलांच्या वॉर्डात आहे. सुट्टी असली की इथे येते आणि नव्या पोरांना मधेच अडवते.

माझ्या मुलाम्यावर आता काळे डाग पडलेत. तरी सांगतो, या. माझ्यासमोर उभे राहा, चुका, अडखळा. मी कुणाला सांगायचो नाही. पण फार दिवस थांबू नका. माझ्याकडे पाठ फिरवून समोरच्या माणसाशी बोलू लागलेल्या कितीतरी पोरांच्या पाठी मी पाहिल्यात, आणि त्यांच्याइतका अभिमान मला कुठल्याच चेहऱ्याचा वाटत नाही.