खिशात मावेल असा

माझे भाऊजी, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, फोटोंच्या कुठल्याशा स्पर्धेत एकदा उत्तेजनार्थ आले आणि तेव्हापासून अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेत. मला छोटा कॅमेरा घ्यायचाय हे त्यांच्या कानावर गेलं आणि संपलंच. "एकटी गेलीस तर फसशील," म्हणत दुकानात सोबत आले.

मी कवळ्या बनवते. दिवसभर प्लास्टर, मेण आणि दुसऱ्यांचे जबडे. सुटीच्या दिवशी तरी अख्खी माणसं बघावीशी वाटतात: घाईत चालणारी, भांडणारी, बस चुकल्यावर स्वतःशीच हसणारी. पण घरातला मोठा कॅमेरा काढला की समोरचा ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखा ताठ होतो. म्हणून रोज पर्समध्ये राहील असा हवा होता, एवढंच.

दुकानदाराने तीन काढून ठेवले. एक इतका चपटा की हातातून निसटत होता. दुसऱ्याला भलीमोठी झूम, लांबचं अगदी नाकापाशी आणणारी. तिसऱ्याला झूमच नाही. माणूस मोठा दिसायला हवा तर आपणच पुढे सरकायचं. त्याचं बटण मात्र न बघता सापडायचं, आणि क्लिक स्वच्छ ऐकू यायचं. "तिन्हींतून फोटो लगेच मोबाइलवर जातो," दुकानदार म्हणाला आणि भाऊजींचा मोबाइल जोडूनही दिला. त्याची पद्धत अशी की गिऱ्हाइकाने दारात उभं राहून रस्त्यावरचे दोन-चार फोटो काढायचे आणि मगच ठरवायचं.

भाऊजींनी झूमवाला उचलला. "हा घे. समोरच्याला पत्ताच लागत नाही!" हे त्यांनी अशा काही चवीने सांगितलं की मला शिसारी आली.

दारात जाऊन त्यांनी बराच वेळ नेम धरला आणि खुदखुदत परत आले. "बघ. याला म्हणतात क्षण!"

रस्त्यापलीकडच्या बाकावर एक आजोबा डबा खात होते. त्यांनी कवळी काढून रुमालावर ठेवली होती आणि तोंडावर हात धरून हिरड्यांनी घास चघळत होते. तो हात जरा बाजूला झाला तेवढ्यात भाऊजींनी साधलं होतं. आत गेलेले ओठ, हनुवटीवर लाळ, तिला चिकटलेलं शीत. कॅमेरा उत्तम होता, सगळं लख्ख आलं होतं.

"पुसा तो," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? रस्त्यावर बसलाय. रस्त्यावरचा माणूस सगळ्यांचा."

"आईंचा असा कुणी काढला तर?"

"आई कशाला रस्त्यावर जेवेल?"

आपला तो बाब्या! ते मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसले. मी दुकानदाराला विचारून झूमवाला आणि बिनझूमचा, दोन्ही कॅमेरे घेतले आणि रस्ता ओलांडला.

मला बघताच आजोबांनी घाईघाईने कवळीवर रुमाल टाकला.

"आजोबा, आमच्या माणसाने तुमचा फोटो काढलाय. न विचारता. आणि चांगला नाहीये."

"दाखवा."

त्यांनी बराच वेळ पाहिला. कान लाल झाले. "हे माझ्या सुनेच्या वगैरे दृष्टीला पडेल का हो? मी तिच्यासमोरसुद्धा जेवत नाही."

"कुणाच्याच नाही पडणार," मी म्हटलं आणि त्यांच्यादेखत फोटो पुसला. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"खालची टोचते ना?"

"फार!"

"मग सोसत कशाला बसता? टोचते तिथे घासून देतात. मीही तेच काम करते."

त्यांना हसू आलं, तेही हाताआड. मग पाठ फिरवून त्यांनी कवळी बसवली, गळ्याचं बटण लावलं आणि माझ्याकडे वळले. "काढा आता. घरी दाखवता येईल असा."

मी बिनझूमचा घेऊन दोन पावलं पुढे झाले. क्लिक ऐकून त्यांनी भुवया उडवल्या, तेवढ्यात दुसरा काढला. तो फार गोड आला. हाच कॅमेरा घ्यायचा, मी ठरवून टाकलं.

पर्समध्ये मोबाइल थरथरायला लागला आणि थांबेचना. घरच्या ग्रुपवर तोच फोटो. शीत, लाळ, सगळं. खाली भाऊजींनी लिहिलं होतं, 'आमच्या कवळीवाल्या बाईंना नवं गिऱ्हाईक!' त्याखाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. नणंद, तिची मुलं, चुलत सासरे. त्यात एक माझ्या नवऱ्याचा. एकाने तर विचारलं होतं, 'पुढे पाठवू का?'

आजोबा स्वतःचा नवा फोटो मान वाकडी करकरून बघत होते. "तुम्ही मुद्दाम सांगायला आलात," ते म्हणाले. "नाहीतर कोण येतं? पण तो पहिला नक्की गेला ना?"

मी मोबाइल पालथा केला.

"हो आजोबा, गेला," मी म्हटलं, आणि मला माझीच किळस आली.