खारा हात

गेले तीन दिवस मामा गॅरेजमध्ये सगळ्यांच्या आधी पोचत होता, आणि त्याबद्दल त्याचं कौतुक होत होतं, हीच त्याची खरी पंचाईत होती.

गॅरेज भाचीचं. तिचे वडील गेल्यावर रंगाची गन तिने हातात घेतली आणि पत्र्याचं काम मामाकडे आधीपासून होतंच, ते तसंच राहिलं. तिचा तो सख्खा मामा. पण समोरचा चावीवाला, जो त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा होता, तोही त्याला मामाच म्हणायचा. 'आता वयानुसार झोप कमी झाली असेल,' असं या चावीवाल्याने सकाळच्या येण्याचं कारण परस्पर लावून टाकलं होतं. मामाने त्याला दुजोरा दिला. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्याला ते जरा जड गेलं.

गॅरेजच्या मधोमध एका निवृत्त शिक्षिकेची जुनी गाडी उभी होती. बारा वर्षं झाडाखाली काढलेली. तिचा सगळा रंग खरवडून तिला उघड्या पत्र्यावर आणलं होतं. अशा पत्र्याला तान्ह्या मुलासारखं जपावं लागतं. हवेतला ओलावासुद्धा त्याला बाधतो. पोचे ठोकून काढायचे, घासायचं आणि होता होईल तितक्या लवकर त्यावर रंगाखालचा पहिला थर, प्रायमर, चढवायचा. मध्येच कुठे गंज धरला आणि त्यावरच प्रायमर बसला, तर गंज आतून पत्रा खात राहतो. सहा महिन्यांनी चकचकीत रंगावर फोड येतात आणि गिऱ्हाईक गाडी घेऊन दारात उभं राहतं.

पहिल्या दिवशी मामा सहजच लवकर आला होता, तेव्हा त्याला बॉनेटवर तपकिरी डाग दिसले. कॉम्प्रेसरमधून पाणी उडालं असेल, असं त्याला वाटलं. मग तो वाकला. डागांना पाच बोटं होती आणि करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. ही करंगळी तीस वर्षांपूर्वी त्याच्याच हातोडीखाली सापडली होती. पंजा कुणाचा हे ओळखायला त्याला चष्मा लागला नाही.

त्याने पॉलिश पेपर घेऊन तो घासून काढला. दुसऱ्या दिवशी नवे पंजे. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्यापासून घाम जास्त येत होता खरा. 'तुमच्या खिशात राहून किल्ल्यासुद्धा काळ्या पडायला लागल्यात,' असं बायको म्हणालीही होती, तेव्हा त्याने ते हसण्यावारी नेलं होतं.

आता हसू येत नव्हतं. तो शिकाऊ असताना त्यांच्याकडे एक उंच, मुका वाटावा इतका अबोल माणूस कामाला आला होता. काम चोख, पण त्याने हात लावलेला पत्रा दुसऱ्या दिवशी डागाळायचा. उस्तादांनी त्याला 'खारा हात' म्हणून आठवड्याभरात घरी पाठवलं. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने मामा हसला होता. चाळीस वर्षांत ते हसणं त्याला कधी आठवलं नव्हतं. आता पॉलिश पेपर घासताना रोज आठवत होतं.

आणि हात न लावता काम करायचं तर कसं? इतर लोक पट्टी लावून बघतात, दिवा तिरका धरून बघतात. मामा डोळे मिटून पत्र्यावरून उघडा तळवा फिरवायचा आणि कुठे किती दबलंय ते सांगायचा. रबरी हातमोजे त्याने गुपचूप घालून पाहिले. कानात बोळे घालून गाणं ऐकावं तसं झालं. तळवा गेला तर आपण गॅरेजात फक्त शटर उचलायला आणि फोन घ्यायला उरणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

चौथ्या दिवशी तो पोचला तेव्हा शटर आधीच उघडं होतं. दुपारनंतर हवा दमट होणार असं कळल्यामुळे भाची पहाटेच आली होती. तिने अंधुक उजेडातच थिनरने टप, म्हणजे गाडीचं छत, पुसला होता आणि त्यावर प्रायमरचा पहिला हात मारून ती गन धूत होती. टप राखाडी, एकसारखा, देखणा दिसत होता. आदल्या संध्याकाळी याच टपावरून मामाने दोन्ही तळवे शेवटचे फिरवले होते. सकाळी घासून टाकू म्हणून.

तो मोगरी, म्हणजे लाकडी हातोडी, या हातातून त्या हातात करत बोलण्याची सुरुवात शोधू लागला. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. सहा महिन्यांनी फोड आले असते, तर लोकांनी प्रायमरला नावं ठेवली असती, नाहीतर भाचीला.

"टप खरवड," तो म्हणाला. "खाली गंज आहे."

"काहीतरीच काय, मामा. मी पुसलाय."

"पुसून जाणारा नाहीये तो. माझ्या हाताचा आहे."

मग त्याने सगळ्या सकाळींचं सांगून टाकलं. बोलताना तिच्याकडे न बघता गाडीच्या चाकाकडे बघत. तिने टपाच्या मागच्या कोपऱ्यातला प्रायमर खरवडला. खाली फिकट, पण वाकड्या करंगळीसकट पंजा होता.

"चार दिवस चोरासारखा येतोस आणि मी जगभर सांगत सुटलेय, माझा मामा बघा, या वयात किती उत्साह," ती म्हणाली. ती चिडली होती आणि चिडल्यावर ती भराभर काम करायची. दुपारपर्यंत सगळा टप पुन्हा उघडा झाला. मामाला तिने हात लावू दिला नाही. जुन्या चादरीची एक मऊ चिंधी त्याच्या हातात देऊन फक्त धूळ पूस म्हणाली.

मामा पुसू लागला. आपल्याला आता हेच काम, असं मनाशी म्हणत तो पुसत होता, आणि सवयीने त्याचे डोळे मिटले. चिंधी पत्र्यावरून लोण्यासारखी सरकत होती. उघडा तळवा घामाने जागोजाग अडकायचा, ही अजिबात अडकत नव्हती. टपाच्या डाव्या अंगाला हात किंचित खाली गेला. तो थांबला. मागे गेला, पुन्हा आला. पुन्हा खाली.

"इकडे ये," त्याने भाचीला हाक मारली. "चिंधीवर हात ठेव. आता सरकव."

तिने सरकवला. दोनदा सरकवला.

"पोचा आहे," ती म्हणाली. "काल तू हा पास केला होतास."

"केला होता."

तळहाताएवढा, जेमतेम कागदाच्या जाडीचा पोचा. झिलईचा रंग चढल्यावर उन्हात तो लांबूनसुद्धा दिसला असता. प्रायमर खरवडला नसता, तर तो तसाच आत राहिला असता. मामाने मोगरी काढली आणि चिंधीने बघत, हलक्या हाताने ठोकत, संध्याकाळपर्यंत तो भरून काढला. तोवर हवा दमट झाली होती. पत्रा रात्रभर उघडाच ठेवावा लागणार होता.

पाचव्या दिवशी मामा मुद्दाम आपल्या जुन्या वेळेला, म्हणजे सगळ्यांच्या नंतर गेला. वाटेत त्याला तो उंच माणूस आठवत होता. एवढीशी चिंधी लागली असती, आणि ती कुणाला सुचली नव्हती. उस्तादांना नाही, त्यालाही नाही.

भाची गन भरून त्याची वाट बघत उभी होती.

"पाहिलास टप?" त्याने दारातूनच विचारलं.

"पाहिला. कुठेही सही नाही तुझी."

तरी तो स्वतः सगळीकडून वाकून बघून आला, आता चष्मा लावून. टप आरशासारखा स्वच्छ होता. बाजूच्या खिळ्यावर चिंधी टांगली होती; धुतलेली, चारही कडांना घरून शिवण मारून आणलेली. मामाने ती काढून हाताला गुंडाळली.

"मी टपाला घेते," भाची म्हणाली. "तू डावं दार बघ. मला ते सरळ वाटतंय."

"तुला वाटतंय," मामा म्हणाला आणि डोळे मिटून दाराशी बसला.