पहिला प्रश्न बाईचा

दोन्ही हातांत दोन-दोन घडीच्या खुर्च्या घेऊन मी सभागृहात शिरले आणि समोर ताई उभी होती.

माझी सख्खी मोठी बहीण. चोवीस वर्षांत जिने या केंद्राची पायरी चढली नव्हती, ती कार्यक्रमाच्या तासभर आधी येऊन भिंतीवरची भित्तिपत्रकं वाचत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खुर्च्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"पाठ बरी दिसते तुझी," ती म्हणाली.

खुर्च्या लोखंडी होत्या. हातातून पडल्या नाहीत एवढंच माझं नशीब.

"आज जरा बरंय," मी म्हणाले. "तू इथे कशी?"

तिने पर्समधून निमंत्रणाचा कागद काढला. "तुमची ती चष्मेवाली पोरगी आपल्या गल्लीत घरोघरी फिरत होती ना, ती एकदा आपल्याकडेही आली होती. तू कामावर होतीस. तिनेच बोलावलंय. म्हटलं जाऊ या. आता काय, वेळच वेळ आहे."

आई जाऊन दोन महिने झाले होते. मी खुर्च्या भिंतीशी ठेवल्या, एकेक करून, कमरेवर हात ठेवत. ताई बघत होती. मग ती मागच्या रांगेत जाऊन बसली आणि मी उरलेल्या छप्पन्न खुर्च्या एकावेळी एक अशा आणल्या. हात दुखले ते निराळेच.

मी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात काम करते. कागदावर परिचर, बोलताना शिपाई, आणि समोरासमोर सगळे मला माईकमावशी म्हणतात. कारण कुठलंही व्याख्यान असो, चर्चासत्र असो, श्रोत्यांतून माईक फिरवते ती मी. हे काम सोपं वाटत असेल तर एकदा करून बघा. माईक कुणाच्या हातात द्यायचा नाही, हा पहिला धडा. आपण धरायचा, त्यांच्या तोंडापुढे. हातात दिला की तो परत मिळत नाही. आमच्याकडे एक निवृत्त प्राध्यापक नेमाने येतात, त्यांना मी टिप्पणीकाका म्हणते. "माझा प्रश्न नाही, एक छोटीशी टिप्पणी आहे," असं म्हणून ते सुरू करतात ते लहानपणापासून. तिसऱ्या मिनिटाला मी हळूच माईक मागे घेते. काका बोलत राहतात, पण ते मग त्यांचं त्यांनाच ऐकू येतं.

दुसरा नियम केंद्राचा आहे आणि माझ्याही आधीपासूनचा. पहिला प्रश्न बाईचा. एकाही बाईने हात वर केला नाही तर सगळ्यांनी गप्प बसून वाट बघायची. एकदा सात मिनिटं बसलो होतो. सातव्या मिनिटाला ग्रंथालयातल्या एका लाजऱ्या मुलीने विचारलेल्या प्रश्नावर पाहुण्या बाई घामाघूम झाल्या होत्या. कोण हात वर करणार हे मला आधी कळतं. खुर्चीच्या कडेला सरकते ती, पेनाला टोपण लावते ती. हे कुणी शिकवलं नाही. बघून बघून आलं.

आता ते पाठीचं. सरळच सांगते.

या जागेसाठी आम्ही दोघी बहिणींनी अर्ज केले होते. मुलाखतीचं बोलावणं ताईला आलं. त्याच आठवड्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. वडील आधीच गेलेले. आई अंथरुणाला खिळली म्हणजे एकीला घरी राहणं भाग होतं. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी आईला खाटेवर घेताना मी "आई गं" म्हणून कंबर धरून खाली बसले. काही झालं नव्हतं. कळ नाही, उसण नाही, काही म्हणजे काही नाही. "मला नाही गं उचलता येणार," म्हणाले. ताईने मला भिंतीला टेकवून बसवलं, पाणी दिलं आणि आईला एकटीने उचललं. चार दिवसांनी तिचं पत्र घेऊन मुलाखतीला मी आले. "बहीण येऊ शकत नाही, मी चालेन का?" जागा तेव्हा हंगामी होती, मी चालले. पुढे कायम झाले.

ते खोटंही मी नोकरीसारखंच सांभाळलं, एक दिवस रजा न घेता. कमरेचा पट्टा आणला. सकाळी घरातून निघताना कमरेला असायचा, गल्लीच्या वळणावर काढून पर्समध्ये टाकायचा. संध्याकाळी त्याच वळणावर पुन्हा चढवायचा. दोघींचीही लग्नं राहून गेली. माझं मी केलं नाही, ताईला कुणी विचारलं नाही. आणि इथे दर पंधरा दिवसांनी बायकांच्या घरकामावर, त्यांच्या न दिसणाऱ्या कष्टांवर व्याख्यानं व्हायची, ती मी माईक घेऊन उभ्याने ऐकायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी स्वतः पाहिलाय. तो माझ्याच पायाशी होता.

चार वाजता सभागृह भरलं. केंद्राच्या मोठ्या बाईंनी प्रास्ताविक केलं. मग आमची संशोधक विद्यार्थिनी, ती चष्मेवाली, उभी राहिली. पोरगी हुशार आहे. तीन वर्षं घरोघरी हिंडली आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा करणाऱ्या बायकांशी बोलली. गल्लीतले पत्ते तिला मीच दिले होते, आमचं घर सोडून. पण आमचा पत्ता देणाऱ्या शेजारणीला कोण अडवणार?

पडद्यावर वीस घरांतलं एकेक घर येत होतं. नावं नाहीत, नुसते क्रमांक. सातवं आलं.

"घर क्रमांक सात," चष्मेवाली म्हणाली. "दोन अविवाहित बहिणी. धाकटीची पाठ अधू असल्यामुळे आईची सगळी जबाबदारी मोठीवर आली. चोवीस वर्षं. विशेष म्हणजे मोठीला याची कसलीही खंत नाही. ती म्हणते, मी हे आनंदाने केलं."

सभागृहातल्या निम्म्या लोकांनी मला टेबलं उचलताना पाहिलंय, पण सातवं घर माझं आहे हे फक्त दोघींना ठाऊक होतं. एक मी, भिंतीशी माईक घेऊन उभी. दुसरी शेवटच्या रांगेत. मी तिच्याकडे बघितलं नाही. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, आता सगळे वळून माझ्या कमरेकडे बघणार. कुणीही वळलं नाही.

टाळ्या झाल्या. "प्रश्न विचारा," मोठ्या बाई म्हणाल्या. "आपला नियम सगळ्यांना माहीत आहेच."

टिप्पणीकाकांचा हात तयारच होता. बायकांचा एकही नाही. एक मिनिट गेलं. पंखे फिरत होते. मी सवयीने रांगांवरून नजर फिरवली आणि शेवटच्या रांगेत ताईचा हात दिसला. पुरता वर नव्हता. खांद्याइतका, बस थांबवताना करतात तसा.

खरं सांगते, मला तो हात न दिसणं सहज जमलं असतं. मागच्या रांगेवरचा दिवा आठवडाभर बंद होता. माझ्याशिवाय तिकडे कुणी बघत नव्हतं. आणखी अर्ध्या मिनिटात पुढच्या एखाद्या विद्यार्थिनीने काहीतरी विचारलं असतं, गाडी पुढे गेली असती आणि ताईने हात खाली घेतला असता. तिला हात खाली घ्यायची सवय आहे.

पण चोवीस वर्षांत मी एकाही बाईचा हात चुकवला नव्हता. नोकरी खोटं बोलून मिळवली असेल, केली मात्र खरी. मी निघाले. ती सोळा पावलं मला आजही आठवतात. ताईसमोर पोचले आणि माईक तिच्या तोंडापुढे धरला.

"दे इकडे," ताई हळू आवाजात म्हणाली. "तुझा हात हलतोय."

आणि मी माईक सोडला. आयुष्यात पहिल्यांदा.

"सातवं घर माझं आहे," ताई म्हणाली. आवाज एकदम मोठा आला म्हणून ती दचकली, मग तिने माईक जरा लांब धरला. "त्यात एक चूक आहे. चूक तुमची नाही बाळा, मीच तुम्हाला तसं सांगितलं होतं. धाकटीची पाठ चांगली होती."

चष्मेवालीने पेन उचललं.

"आई आली त्याच्या तिसऱ्या दिवशी कपाटावरची लोखंडी ट्रंक तिने एकटीने खाली काढली. मी न्हाणीघरातून बघत होते. म्हणजे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं."

"मग तुम्ही काही बोलल्या कशा नाहीत?" चष्मेवालीने विचारलं.

"मला मुलाखतीची भीती वाटत होती," ताई म्हणाली. "रात्रंदिवस वाटत होती. टेबलाच्या पलीकडे चारजण बसणार आणि मला विचारणार. आईला उचलायचं म्हटल्यावर ती भीती गेली. तिचं खोटं माझ्या पथ्यावर पडलं. म्हणून मी मूग गिळून बसले. तेव्हा दोघी खोटं बोललो, असं लिहा."

माझे कान तापले होते. मी जमिनीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, झालं, सुटले. पण ताईने माईक दिला नाही.

"आणि ते खंत नाही वगैरे काढून टाका. सात-आठ वर्षांनी माझी भीती गेली. मला वाटायला लागलं, आपणही बाहेर पडावं. तोवर नोकरी तिची झाली होती. तेव्हा मला राग आला. तो अजून आहे. सकाळी भांडी घासताना येतो, मग जातो. तेही लिहा."

कुणीतरी खोकलं. मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं होतं. त्यांनी नजर काढून घेतली, ती रागाने नव्हे.

"आता प्रश्न," ताई म्हणाली. "प्रश्नच विचारायचा असतो ना इथे? आई गेली. मी छप्पन्न वर्षांची आहे. सकाळी पाचला जाग येते आणि हात मोकळे असतात. ज्या बाईला आयुष्यात हे एकच काम नीट येतं, तिचं पुढे काय होतं? तुमच्या वीस घरांत कुणाचं काय झालं?"

चष्मेवाली पानं चाळायला लागली. मग चाळायची थांबली. "माझा अभ्यास रुग्ण जाईपर्यंतच आहे," ती म्हणाली. "पुढचं मी कुणाला विचारलंच नाही."

"मग विचारा," ताई म्हणाली. "पत्ते आहेत तुमच्याकडे."

तिने माईक माझ्या हातात ठेवला आणि खाली बसली. तोपर्यंत बायकांचे नऊ हात वर गेले होते. मी मोजले. काकांनी आपला हात खाली घेऊन चष्मा पुसायला काढला होता. पुढचा पाऊण तास मी सभागृहभर धावत होते. इतके प्रश्न मी या सभागृहात कधी ऐकले नव्हते, आणि त्यातला एकही टिप्पणी नव्हता.

लोक पांगले. चष्मेवाली ताईकडे पुन्हा एकदा यायचा वार ठरवून गेली. मी खुर्च्या मिटायला लागले, सवयीने दोन इकडे, दोन तिकडे.

"अशी वाकू नकोस," ताई मागून म्हणाली. "गुडघ्यात वाक. वजन अंगाजवळ धर. पायांनी उचलायचं असतं, पाठीने नाही. अशानं खरंच जाईल एखाद दिवशी."

तिने दाखवायला एक खुर्ची उचलली. बरोबर गुडघ्यात वाकून, अंगाजवळ धरून. मग ती तिथेच खाली ठेवली आणि त्याच खुर्चीवर बसली. "उरक तू," म्हणाली.

घरी चालत निघालो. वाटेत मी एकदाच म्हणाले, "चुकलं माझं, ताई."

"हो," ती म्हणाली. बस्स.

गल्लीचं वळण आलं. माझा हात आपोआप पर्समध्ये गेला आणि पट्ट्याच्या बकलाला लागला. मी तो तसाच आत राहू दिला. ताई थांबली.

"काढ की," ती म्हणाली. "हे वळण आपल्या खिडकीतून दिसतं. आईला संध्याकाळचं उठवून बसवलं की मी तिथेच उभी असायचे. आईपण बघायची. तिला बोलता यायचं नाही म्हणून बरं."

मला रडू फुटलं. भर रस्त्यात, माणसं जात-येत असताना. ताईने मला रडू दिलं. मग तिने हात पुढे केला.

"दे तो पट्टा इकडे. माझी पाठ खरंच दुखते."

मी पट्टा काढून तिच्या कमरेभोवती घातला. मला तो शेवटच्या भोकात बसायचा. तिला तो चार भोकं आत घ्यावा लागला.

"घट्ट कर," ताई म्हणाली. "अजून थोडा."