मोकळी नळी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आमच्या घरात ही गोष्ट निघाली की माझे यजमान ती आपल्या पद्धतीनं सांगतात आणि पाहुण्यांसमोर मला मुकाट्यानं चहा ओतत बसावं लागतं.

एकोणनव्वद सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. शेगावपासून दोन कोसांवर आमचं गाव. सासरे रंगराव भाजीपाल्याचे बागायतदार. पहाटे बंडीला बैल जुंपायचे, वांगी, मेथी आणि सांबाराच्या जुड्या भरायच्या आणि उजाडता उजाडता शेगावच्या बाजारात पोचायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. मी बुलडाण्याला बदलून आलेल्या एका कारकुनाची मुलगी. लग्नानंतर गावातल्याच शाळेत मास्तरीण झाले. कोथिंबिरीला सांबार म्हणायला मला वर्ष लागलं, पण पोरांकडून पाढे पाठ करून घ्यायला एक दिवसही लागला नाही. सांगितलेलं जसंच्या तसं करून घेणं हा माझा धंदाच होता.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, घोरायचे. साधंसुधं नाही. शेजारची कलाबाई विचारायची, "रात्री गिरनी कोनाच्या दळनासाठी चालू होती?" पण घोरण्यापेक्षा आम्ही भ्यायचो ते मधल्या थांबण्याला. आवाज एकदम बंद पडायचा, श्वासही बंद. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई मंजुळाबाई, उठून त्यांच्या पायाचा अंगठा हलवायच्या. मग मामाजी विहिरीतून वर काढल्यासारखा मोठा श्वास ओढायचे आणि पुन्हा गिरणी सुरू. रात्रभर हेच चालायचं. त्यामुळे दिवसा जिथं टेकतील तिथं झोप. घास हातात धरून झोपायचे, न्हाव्यासमोर झोपायचे. आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टला पाहुणे म्हणून बोलावलं तर झेंडा वर जायच्या आधी मामाजी खुर्चीत आडवे.

याचं सगळ्यांना हसू यायचं. पण त्या कार्तिकात जे झालं, त्यावर कोणी हसलं नाही.

बाजारातून परतताना रेल्वेचं फाटक लागतं. फाटक उघडलं, सवयीनं बैल आपोआप निघाले, आणि मामाजी बंडीत गाढ झोपलेले. हातातून बैलांचा कासरा सुटला, चाकाखाली सापडला आणि बैलांची मान ओढली जाऊन बंडी नेमकी रुळांमध्ये उभी राहिली. फाटकवाला धावत आला, त्यानं कासरा कापला आणि बैलांना मारत पलीकडे नेलं म्हणून निभावलं. मागून पाच-सात मिनिटांत मालगाडी गेली.

त्या दिवशी माझ्या यजमानांनी, शालिग्रामनं, नवा कासरा वळला आणि तो गोठ्यात न टांगता आपल्या खोलीतल्या खुंटीला टांगला.

"बाबा, आजपासून बंडी मी हाकीन. तुम्ही मांगं बसा."

मामाजी मागं बसायला गेले नाहीत. बाजारच सोडला त्यांनी. ओसरीवर बसून किडकी वांगी वेगळी करायला लागले. ज्या माणसाच्या नुसत्या जिभेच्या आवाजावर बैल वळायचे, तो माणूस टोपलीत मान घालून बसलेला मला बघवेना. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. त्या रागात मी उद्धवला पत्र टाकलं.

उद्धव माझा मावसभाऊ, मुंबईला एका दवाखान्यात डॉक्टर. त्यानं मामाजींना बोलावून घेतलं, एक रात्र तारा लावून झोपवलं आणि सांगितलं की झोपेत यांच्या घशातला रस्ता मिटतो. महिन्याभरानं तो स्वतःच एक यंत्र घेऊन आला. तेव्हा असली यंत्रं मुंबईतही मोजकीच होती. शिलाई मशीनच्या पेटीएवढा डबा, त्यातून निघालेली अंगठ्यापेक्षा जाड, चांगली चार हात लांब नळी, आणि टोकाला नाकावर बसणारा रबरी मुखवटा. डबा हवा ढकलणार, हवा घसा उघडा ठेवणार. उद्धवला परतीची गाडी गाठायची होती. बंडीत चढता चढता तो मला म्हणाला, "शैलजा, एकच लक्षात ठेव. नळी मोकळी ठेवायची. बाकी सगळं मशीन बघून घेईल."

मी ते लक्षात ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून मामाजींच्या खाटेसमोर भिंतीला लावलं: नळी मोकळी ठेवावी.

शालिग्रामनं अट घातली. पंधरा दिवस बाबांना दिवसा डुलकी लागली नाही, तर कासरा त्यांच्या हाती.

मामाजींनी मुखवटा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हे तं मुस्कं हाये," ते म्हणाले. खळ्यात फिरताना बैलानं कणसाला तोंड लावू नये म्हणून बांधतात, ते मुस्कं.

"मंग बरंच झालं," आत्याबाई म्हणाल्या. "रात्रीचा गूळ-शेंगदाना वाचीन."

पहिल्या रात्रीपासून युद्ध सुरू झालं, आणि ते मुस्क्याशी नव्हतं, नळीशी होतं. मी नळी मोकळी ठेवली होती ना! ती खाटेवर पसरलेली असायची. मामाजी डावीकडे वळले की ती पाठीखाली जायची, उजवीकडे वळले की गळ्याभोवती. ती ओढली गेली की मुखवटा तिरका व्हायचा आणि हवा फुस्स करून डोळ्यात जायची. थंडीत गालाला लागली की मामाजी साप समजून ती झटकायचे. सकाळी पाहावं तर मुखवटा जमिनीवर, नळी पायात आणि मामाजी घोरत. दिवसा पुन्हा घास हातात आणि डोळे मिटलेले.

तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "बाई, हिले वरून बांधू का?"

"नाही, मामाजी." मी भिंतीकडे बोट केलं. "डॉक्टरांनी मोकळी ठेवायला सांगितलंय."

"हाव, मंग राहू दे," ते म्हणाले. शिकलेल्या सुनेचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही. मला त्याचा अभिमान वाटत होता, ही त्यातली आणखी मोठी गंमत.

नवव्या दिवशी, रविवारी, मामाजींनी मुखवटा पुसला, नळी गुंडाळली आणि सगळं डब्यावर ठेवून दिलं.

"हे तुह्या भावाले परत पाठवून दे. माह्याच्यानं नाही होत." मग टोपली पुढे ओढून म्हणाले, "कासरा शालिग्रामच्याच हाती बरा दिसते."

मी तिथून उठले आणि तरातरा गोठ्यात गेले. रडायला म्हणा किंवा कोणावर तरी ओरडायला. तिथं आमची कालवड आडवी पडलेली. आदल्या संध्याकाळी मीच तिचं दावं लांब करून दिलं होतं. बिचारी आखडून बसते, जरा ऐसपैस राहू दे, असं मला वाटलं होतं. आता तिचे दोन्ही पुढचे पाय दाव्यात गुंतले होते आणि एक वेढा मानेला बसला होता. मी हाका मारल्या. मामाजी आले, गुडघा टेकून त्यांनी एक एक वेढा सोडवला. कालवड उठून थरथरत उभी राहिली.

"कोनं देल्लं येवढं लांब दावं?"

"मी. म्हटलं, जरा मोकळी राहील."

"लांब दावं देल्लं म्हनजे जनावर मोकळं होत नाही, बाई. गुंतते." ते दावं आखूड करायला लागले. "हे पाह्य. तिचं तोंड भुईले टेकलं पाह्यजे. तिले बसता आलं पाह्यजे, कूस बदलता आली पाह्यजे. पन पाय दाव्यावरून जाऊ नये. इतकंच ठेवा लागते. बांधाले जमलं तं बांधेल जनावरबी मोकळंच राह्यते."

मी कालवडीकडे बघत उभी राहिले आणि माझे कान गरम झाले. उद्धव म्हणाला होता मोकळी. म्हणजे दबू नये, मुडपू नये, हवेचा रस्ता अडू नये. सोडून द्या, असं तो कुठं म्हणाला होता? पोरांना शब्दाचे दोन-दोन अर्थ लिहायला लावणारी मी, मला एकच अर्थ दिसला होता. आणि त्यापायी आठ रात्री या माणसाचा छळ मांडला होता.

"मामाजी, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगतलं होतं न. तू भिंतीकडं बोट दाखवलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्तच लागलं. मी सरळ म्हणाले, "मामाजी, चुकलं माझं. तुम्ही बांधा. कालवडीला बांधता तशी बांधा."

माणूस इतक्या झटकन बदललेला मी पाहिला नाही. टोपली बाजूला, वांगी बाजूला, आणि मामाजींनी हुकूम सोडायला सुरुवात केली. खाटेच्या वर आढ्याला शालिग्रामच्या पाळण्याचा आकडा अजून होता. खाट सरकवून उशी त्याच्या बरोबर खाली आणली. डबा उशाशी बुटक्या चौरंगावर ठेवला. आकड्याला सुताची दोरी बांधली आणि दोरीच्या खाली भवरकडी लावली. गाय खुंट्याभोवती फिरली तरी साखळीला पीळ पडू नये म्हणून जी गरगर फिरणारी कडी लावतात, ती. जुन्या गाईच्या साखळीची होती, मामाजींनी ती राखेनं घासून तेल लावून लख्ख केली. नळीला दोरी थेट बांधायची नाही, दबेल. म्हणून आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याची चार बोटं रुंद पट्टी घेतली, तिचा सैल झोळणा केला आणि त्यात नळी ठेवली. डब्यातून नळी वर जाणार, झोळण्यातून वळून डोक्यावरून खाली मुखवट्यात येणार. अंगाखाली यायचं कारणच नाही.

मग माप. मामाजी मुखवटा लावून आडवे झाले, डाव्या कुशीला वळले, उजव्या कुशीला वळले. नाकावर मुखवटा, त्यामुळे बोलणं नीट कळेना, म्हणून बोटांनी खुणा: दोन बोटं वर, एक बोट खाली. मी स्टुलावर उभी राहून गाठ सरकवत होते. कूस बदलली की भवरकडी वर हलकेच फिरायची आणि नळी मागोमाग यायची. शेवटी मामाजींनी हाताचा पंजा दाखवला. बस.

"चालू करू?"

त्यांनी मान हलवली. भर दुपारी, उन्हं ओसरीत आलेली असताना मामाजी झोपले. ना गिरणी, ना थांबणं. यंत्राचा नुसता एकसुरी सूं आवाज. आत्याबाई तीनदा येऊन अंगठा हलवून गेल्या. तिसऱ्यांदा मामाजींनी डोळे उघडून त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या गेल्या आणि सुईदोरा घेऊन बसल्या. नळी गालाला थंड लागते ना, म्हणून संध्याकाळपर्यंत त्यांनी तिला गोधडीच्या कापडाची लांबलचक गवसणी शिवली. लाल, काठाला पिवळी.

दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, असं शालिग्राम म्हणाला. मोजले. चौथ्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांना त्रास सुरू झाला. पुरेशी झोप झालेला माणूस घरात असला की त्याला किती चुका दिसतात! मेथीला पाणी जास्त झालं, मिरचीचा वाफा वाकडा गेला, बांड्या बैलाचा खूर कोणी पाहिला नाही. शालिग्राम हैराण झाला. "हे झोपेतच बरे होते," असं एकदा पुटपुटलाही. पण बाबांना डुलकी लागलेली त्यालाही दिसली नाही.

पंधरावा दिवस उलटला, तरी कासरा काढून बाबांना द्यायला त्याचा हात पुढे होईना. रुळांवर उभी बंडी त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती, हे मला कळत होतं. शेवटी म्हणाला, "शैलजा, उद्या तुले सुट्टी हाये न? तू जाय सोबत. फाटकावर डोयात तेल घालून पाह्य. मंग ठरवू."

गेले. जाताना मी मामाजींवरून नजर काढली नाही. कासरा दोन बोटांत, ताण नाही, झोल नाही. फाटक बंद होतं. मामाजी खाली उतरून बैलांपुढे उभे राहिले आणि गाडी जाईपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिले. ज्यानं कासरा कापला होता त्या फाटकवाल्याला त्यांनी मूठभर शेंगा दिल्या. बाजारात माल हातोहात गेला. दुपारी रिकाम्या टोपल्या घेऊन आम्ही परत निघालो. थंडीतलं मऊ ऊन, खाली पोत्यांची बैठक, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. लांबून फाटक दिसलं, तेवढं मला आठवतं.

डोळे उघडले तेव्हा बंडी आमच्या अंगणात उभी होती. तोंडावर ऊन येऊ नये म्हणून कोणीतरी दोन टोपल्यांवर पोतं पसरून आडोसा केला होता. समोर शालिग्राम.

"मंग? येताना फाटकावर कसे होते बाबा?"

वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करते. मी उठून बसले, केसातला काडीकचरा झटकला आणि म्हणाले, "मला माहीत नाही. मी झोपले होते."

शालिग्रामनं कासरा परत घ्यायला हात पुढे नेला. मामाजी बैल सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"झोपू दे तिले," ते म्हणाले. "मी जागा होतो न."

शालिग्रामचा हात तिथंच थांबला, मग वळला, आणि त्यानं बंडीतल्या रिकाम्या टोपल्या उतरवायला घेतल्या. मामाजींनी कासऱ्याची घडी घातली आणि तो गोठ्यातल्या आपल्या खुंटीला टांगला.