एडनाच्या अर्ध्या म्हणी

एडना क्रॅबट्री म्हण कधी पुरती बोलायची नाही. अर्धी बोलून थांबायची, उरलेली नवऱ्याने म्हणायची. यॉर्कशरच्या त्या दरीत बहुतेक माणसं असंच बोलतात, पण एडनाला उत्तर लागायचंच. अर्नॉल्ड छत्री विसरला की एक म्हण, शेजाऱ्याशी वाजलं की दुसरी. तो बापडा चाळीस वर्षं वर्तमानपत्राआडून नुसता हुंकार भरत आला.

फेब्रुवारीत तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हातपाय सावरले, पण वाचा गेली. दहा आठवडे झाले, एक शब्द नाही. दवाखान्यातली बोलायला शिकवणारी मुलगी चित्रं पुढे धरायची आणि एडना किटलीच्या चित्राकडे बघत डोळे पुसायची.

"पाठ असलेलं काहीतरी अर्धं म्हणा आणि थांबा," मुलीने अर्नॉल्डला सांगितलं. "कधी कधी उरलेलं आपोआप तोंडात येतं. प्रार्थना, गाणी, काहीही."

"म्हणी चालतील?"

"पळतील!"

अर्नॉल्ड घरी येऊन आठवायला बसला. तेव्हा कळलं, आपल्याला धड एकही येत नाही. येतील तशा अर्ध्यामुर्ध्या तो रोज म्हणायचा, थांबायचा. एडना नुसती बघायची. मग तो उठून परसात जायचा आणि उगाच कुंड्या हलवायचा.

मंगळवारी दुपारी शेजारची डोरीन चहाला आली; ती आणि एडना कप घेऊन बसल्या. अर्नॉल्ड स्वेटरचं कोपर शिवत होता. एडनाने तीस वर्षं गावाचे कपडे शिवले, पण त्याला सुईत दोरा ओवायलाच पाव तास लागला होता.

"शिवतोयस की माशाचं जाळं विणतोयस?" डोरीन म्हणाली. "केवढं भोक झालंय ते!"

"तेव्हाच शिवायला हवं होतं, ठाऊक आहे," तो वैतागून म्हणाला. "हिची ती टाक्यांची म्हण नाही का? एक वेळेवर घातला की पुढचे सात..."

"नऊ."

डोरीनचा कप ओठांशीच थांबला. अर्नॉल्डने हळूच मान वळवली. एडना कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे बघत होती.

"नऊ," ती म्हणाली. मग शब्द हुडकत, जड जिभेने, "गाढवा."

अर्नॉल्डच्या हातातलं स्वेटर गळून पडलं. हसावं की रडावं हे त्याला ठरवताच येईना, म्हणून त्याने दोन्ही केलं. डोरीनने पदर नसल्यामुळे टेबलावरचा पुसायचा फडका घेऊन डोळे टिपले.

"अजून एक चुकव ना रे," ती कुजबुजली.

त्याने घसा खाकरला. "आणि ती पक्ष्याची गं? एक दिसला म्हणून उन्हाळा आला असं नाही, ती. त्यात कावळाच ना?"

एडनाने कप खाली ठेवला, खोल श्वास घेतला.

"पा... पाकोळी," ती म्हणाली. "चाळीस... वर्षं. पाकोळी!"