फणसाला धाक

पुढच्या वर्षीही फळ धरलं नाही, तर करी रोडच्या चाळीतला फणस चाळ कमिटी पाडणार होती. म्हणून वसंताने गावचा उपाय काढला. एकाने कुऱ्हाड घेऊन झाडावर धावून जायचं, दुसऱ्याने हात धरून म्हणायचं, "मारू नको, पुढच्या वर्षी धरेल." झाड घाबरतं. हात धरायला शेजारचा भिवा ठरला.

वसंता बोंबलत धावला. भिवा तंबाखू मळत राहिला.

"अरे, अडव ना मला!"

"कशाला? पानं माझ्याच दारात पडतात. तोड."

वसंताने कुऱ्हाड टाकून भिवाचं नाक फोडलं. भिवाने त्याच्या कानाचा लचका तोडला. मग वसंताने भिवाचं डोकं कमिटीने पार बुंध्यापर्यंत बसवलेल्या लादीवर आपटलं, इतकं, की लादी फुटली.

"मारू नको रे," भिवा रक्त थुंकत ओरडला, "पुढच्या वर्षी धरेल!"

वसंता लगेच थांबला. विधी पुरा झाला होता. रक्त धुवायला त्याने बादली ओतली, तर उघड्या पडलेल्या मातीने सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"तहानलाय रे हा," वसंता हळहळला.

"मग लादीच फोडायची होतीस ना! माझं डोकं कशाला?"

"लादी फोडायला कमिटीची परवानगी लागते."