क्रुसाशेजारच्या घरगाडीची ओली टाकी

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसणार. मला पाहायचं तर गाडीखाली पाठीवर झोपावं लागतं, आणि मग तुमच्या युनिफॉर्मचं काय होईल ते मी सांगायला नको. मी एक जुनी हवेची टाकी आहे. लोखंडाची, लांबट, दोन्ही टोकांना फुगीर, एखाद्या भल्यामोठ्या औषधाच्या कॅप्सूलसारखी. हल्ली नायगावच्या एका गॅरेजात भिंतीला टेकून पडलेली असते. माझ्या पोटाला भोक पडलंय. दुपारी एक मांजर माझ्यावर येऊन झोपतं. माझ्यासाठी नाही हं, सावलीसाठी.

पण माझेही दिवस होते. पुण्याकडच्या एका कारखान्यात मी जन्मले. पत्रा वाकवला, टोकं जोडली, काळा कुळकुळीत रंग दिला आणि आत पाणी भरून दाबून पाहिलं, कुठे गळते का. मी एक थेंबही गळले नाही. तेव्हा मला वाटलं, आपण आता काहीही सोसू शकतो. नव्या वस्तूंना असं वाटतंच.

मग मला एका कंपनीच्या बसखाली बसवलं. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात, हे ठाऊक आहे का तुम्हाला? इंजिनाजवळचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, दाबतो आणि सगळ्यात आधी माझ्याकडे पाठवतो. माझ्याकडून ती पुढच्या टाक्यांत जाते. ड्रायव्हरने पायाखालचा ब्रेक दाबला की तीच हवा धावत जाऊन चाकं आवळते. एवढी अवजड बस, आणि तिला थांबवते कोण, तर साधी हवा! मला याचा भारी अभिमान होता.

पण हवा कधी एकटी येत नाही, ओल घेऊन येते. दाबलेली गरम हवा माझ्या पोटात शिरली की निवते आणि तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊन तळाशी बसतं. म्हणून माझं नाव ओली टाकी. आणि मुंबईची हवा तर विचारूच नका, ती निम्मी समुद्रच असते. हे पाणी काढायला माझ्या तळाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याला तार बांधलेली असते. तार ओढली की फिस्सकन आवाज होतो आणि पाणी, तेल, गंज सगळं बाहेर पडतं. मला तर मनसोक्त शिंक आल्यासारखं वाटायचं. ही शिंक जर रोजच्या रोज काढली नाही, तर पाणी हवेची जागा खातं, मला आतून कुरतडतं, आणि पुढे जाऊन व्हॉल्व्ह गंजवतं.

त्या बसचा ड्रायव्हर होता कास्मीर. परळच्या मागे ख्रिस्ती कुटुंबांची एक जुनी वाडी आहे, तिथला तो. कंपनीने बस काढून टाकली, त्याच सुमारास तोही निवृत्त झाला, आणि त्याने बस घरी आणली. त्याची बायको हेलन बाहेर आली आणि तिने बसभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, माणसं निवृत्त झाल्यावर पोपट पाळतात. पण पडदे तिनेच शिवले. बाकं काढून पलंग आला, शेगडी आली, पाण्याचं पिंप आलं, आणि आमच्या बसची घरगाडी झाली. वाडीच्या तोंडाशी एक दगडी क्रूस आहे, त्याच्या शेजारी आमची जागा.

घरगाडी घेऊन दोघं कुठेकुठे फिरली. पण परत आल्यावर कास्मीर आधी तार ओढायचा, मगच हातपाय धुवायचा. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ते तपकिरी पाणी धरायचा आणि खिडकीतून हेलनला दाखवायचा.

"बघ, तुझ्या आमटीपेक्षा घट्ट हाय."

"मग तीच जेव आज," हेलन वर न बघता म्हणायची.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात याहून चांगले दिवस आले नाहीत.

गेल्या वर्षी एका सकाळी दाढी करता करता कास्मीर खाली पडला. त्याची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बसवलं की तो एका अंगाला कलंडायचा, म्हणून टॅक्सी नाही, लोकल नाही. कुठे न्यायचं तर आडवं झोपवून, म्हणजे आमच्या घरगाडीतूनच. मुलगा कॉलिन गाडी चालवायला शिकला. माझं काम आलं मुलीकडे, लविनाकडे. ती दादरला ऑफिसात जाते. पहिल्या दिवशी कास्मीरने डाव्या हाताने तिचा हात धरून तारेवर ठेवला होता. ती रोज ऑफिसातून यायची, ओढणी खोचायची, वाकायची आणि तार ओढायची. चांगली पोरगी. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिच्यावर रागवाल.

कास्मीरची थोरली बहीण वेन्डी उरणला राहायची. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच याला वाढवलं होतं. आता तीही अंथरुणाला खिळली होती. दोघांची भेट कास्मीर आजारी पडल्यापासून झाली नव्हती. फोन लावला की हा नुसता हुंकार द्यायचा, आणि पलीकडून ती म्हणायची, "कास्मी, फोनवर घुमू नको. समोर ये, तुझं वाकडं तोंड बघू दे एकदा." तो हसायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे. त्याला दुसरं काही नको होतं. एकदा वेन्डीसमोर जायचं होतं.

मे महिना लागला. मे महिनाभर वाडीतले सगळे संध्याकाळी क्रुसासमोर जमून रोझरीची माळ म्हणतात. बाकं मांडतात, झेंडूच्या माळा घालतात, शेवटी उकडलेले चणे वाटतात. क्रुसावरच्या रंगीत दिव्यांची वीज आमच्या घरगाडीच्या बॅटरीवरून जायची, तो कास्मीरने लावून दिलेला पायंडा होता. बॅटरी भरायला कॉलिन प्रार्थनेआधी बराच वेळ इंजिन चालू ठेवायचा. माझे सांधे जुने, थोडी हवा गळायची, म्हणून कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा भरत राहायचा. मे महिन्याची दमट, चिकट हवा. विचार करा, माझ्या पोटात किती पाणी उतरत असेल!

पहिल्याच संध्याकाळी लविनाला उशीर झाला. ती घाईघाईत आली आणि नेहमीसारखी तार ओढून मोकळी झाली. नेमकी तेव्हा क्रुसासमोर शांतता होती, सगळे माना खाली घालून उभे होते. आणि मी शिंकले. काय शिंकले! म्हाताऱ्या ब्रिजिता आंटीच्या हातातली माळ खाली पडली. पोरांतून कुणीतरी म्हणालं, "कास्मीर अंकलच्या गाडीचं पोट बिघडलं वाटतं." मग काय, हसू थांबेना. मोठी माणसंही तोंडाला रुमाल लावून हसत होती. लविना कानापर्यंत लाल झाली.

त्या दिवशी चणे वाटून झाल्यावर हेलनने तिला बाजूला घेतलं. हेलनने या महिन्याची माळ वेन्डीच्या प्रकृतीसाठी नवस म्हणून बोलली होती. महिना पुरा करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरणला निघायचं, असं ठरलं होतं.

"बाय, क्रुसासमोर हे असलं नको," ती म्हणाली. "महिनाभर राहू दे. वेन्डीसाठीच चाललंय ना हे?"

"मग पाणी कधी काढू?"

"काढ नंतर कधीतरी."

नंतर म्हणजे केव्हा, ते दोघींपैकी कुणीच ठरवलं नाही. माळ संपली की चणे, चणे संपले की गप्पा. सकाळी ऑफिसची घाई. आणि दुसरी गोष्ट म्हणजे लविना गाडीजवळून गेली की वाडीतली पोरं तोंडाने फिस्स करायची. एकदा ती तारेपर्यंत आलीसुद्धा होती, मला तिची चप्पल दिसली. मागून फिस्स ऐकू आलं आणि चप्पल वळली.

संध्याकाळी कास्मीरला माळ ऐकायला घरगाडीतल्या पलंगावर आणून झोपवायचे. इंजिन चालू झालं, बंद झालं, आणि शिंक मात्र नाही, हे त्याच्या कानांनी टिपलं होतं. बोलता येईना. त्याने डावा हात उचलून हवेतच काहीतरी ओढून दाखवलं. हेलनला वाटलं, डोळ्यांवर दिवे येतात. तिने पडदा ओढून घेतला. त्याने पुन्हा हात उचलला, तशी तिने दुसऱ्या खिडकीचाही पडदा ओढला.

माझं पोट भरत गेलं. तळाशी गंजाचे पापुद्रे सुटायला लागले. पाणी पुढच्या नळीत शिरलं. मी ओरडणार कशी? माझा आवाज तर त्या तारेला बांधलेला.

उरणहून फोन आला, आता उशीर करू नका. महिना संपायला थोडेच दिवस उरले होते. हेलन म्हणाली, बोललेली माळ अर्धी सोडायची नाही. कुणी वाद घातला नाही.

शेवटची माळ झाली आणि दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो. कास्मीरला नवा शर्ट घातला होता. परळ, दादर ठीक गेलं. शीवच्या पुलाच्या चढावर गाड्यांची रांग लागली होती, कॉलिनचा पाय सारखा ब्रेकवर. प्रत्येक वेळी माझ्याकडे हवा मागितली जायची आणि माझ्याकडे हवेच्या जागी पाणी होतं. त्यातच पुढचा एक गंजलेला व्हॉल्व्ह उघडा तो उघडाच अडकला. होती नव्हती ती हवा सूं करत निघून गेली. ड्रायव्हरसमोरचा भोंगा कर्कश वाजायला लागला. अशा गाड्यांत हवा संपली की मागची चाकं आपोआप आवळली जातात, म्हणून आम्ही मागे घरंगळलो नाही, एवढंच नशीब. गाडी पुलाच्या मधोमध रुतल्यासारखी उभी राहिली.

मागून हॉर्न. शिव्या. ऊन. कॉलिन खाली उतरून वाकून बघत होता आणि त्याला काही कळत नव्हतं. कास्मीरने डावा हात उचलला आणि हवेतच काहीतरी ओढलं. या वेळी समोर लविना होती. तिला कळलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने तो हात दोन्ही हातांत धरला.

कॉलिनने स्ट्रेचरवाली ॲम्ब्युलन्स बोलावली, पण ती याच गर्दीत मागे कुठेतरी अडकली होती. हेलन वहीच्या पुठ्ठ्याने कास्मीरला वारा घालत राहिली. तो एकेक अक्षर ढकलत बोलला, आणि तेही लविनाची समजूत काढायला.

"थांबल वेन्डी."

मग उरणहून फोन आला. हेलनने तो घेतला, ऐकला, आणि नुसतं "बरं" म्हणाली. पुठ्ठा हातातच राहिला. कास्मीर तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

लविना त्याच्याजवळ सरकली आणि म्हणाली, "डॅडी, मी विसरले नव्हते. मला लाज वाटली."

त्याने मान तिच्याकडे वळवली नाही. छताकडे बघत तो म्हणाला, "थांबली नाय."

मातीला कॉलिन एकटाच गेला, कुणाच्या तरी मोटारीने. आम्हाला क्रेनने ओढत नायगावला आणलं. मयूर नावाच्या मेकॅनिकने मला सोडवलं आणि उलटं केलं. पाणी वाहतच राहिलं, गॅरेजभर. लविना उभी राहून शेवटपर्यंत बघत होती. मयूरने माझ्या तळाला स्क्रूड्रायव्हर टेकवला मात्र, तो आत गेला. एवढी मी सडले होते. "ही गेली," तो म्हणाला, आणि माझ्या जागी नवी काळी कुळकुळीत टाकी बसली. कास्मीर नंतर एकदा उरणला जाऊन आला. वेन्डीच्या महिन्याच्या मिस्साला, म्हणजे तिच्यासाठी चर्चमध्ये झालेल्या प्रार्थनेला. त्याला नेणारी मी नव्हते.

मयूर परवा कुणाला तरी सांगत होता, की लविना आता रोज न चुकता तार ओढते, समोर यंदाच्या मे महिन्याची प्रार्थना चालू असली तरी. आणि आता कुणीच हसत नाही म्हणे. ब्रिजिता आंटी तर तेवढ्यापुरती माळ थांबवून धरते. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण कुणीच हसत नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. माझ्या शिंकेला त्या वाडीत एके काळी आमटीची चव होती.

मित्रांनो, मी तर आता भंगारात जाईन. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमची शाळेची बस असते ना, तिच्याखालीही माझी एखादी बहीण असेल. ती दिसत नाही, मागत नाही, पोटात पाणी घेऊन गप्प बसते. ड्रायव्हरकाकांना विचारा, "काका, टाकीतलं पाणी काढलंत का?" ते चकित होतील, होऊ दे. मग ते वाकून तार ओढतील आणि सगळ्यांसमोर मोठ्ठा, लाजिरवाणा आवाज होईल. तेव्हा पोट धरून हसा. खुशाल हसा. फक्त आपल्या हसण्याने कुणाचा हात तारेवरून मागे जाणार नाही, एवढं बघा.